आईचं अंगण आणि सिमेंटच्या कुंड्या

'माझे अंगण' हा निबंध आपण तिसरी-चौथीच्या मुलांना दरवर्षी देतो. मुलंही ठरलेलं लिहितात. अंगणात तुळस आहे, फुलझाडे आहेत, सकाळी चिमण्या येतात, मला माझे अंगण खूप आवडते. दोन-तीन वर्षांपूर्वी वह्या तपासताना एक वाक्य वाचलं आणि पेन थांबला. एका मुलीने लिहिलं होतं, "आमच्या अंगणात माती नाही म्हणून आमचे पाय स्वच्छ असतात."

मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. खरं तेच लिहिलं होतं पोरीने. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण आमच्या घरीही तेच झालं होतं आणि ते करण्यात माझाही हात होता.

माझं गाव कुडपण, तालुका पोलादपूर. भीमाच्या काठीमुळे आता पावसाळ्यात पर्यटक येतात, त्यांच्यामुळे नाव तरी लोकांना कळलंय. मी नोकरीला महाड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत, राहायला महाडात भाड्याच्या खोलीत. थोरला भाऊ मुंबईला. गावाला आई एकटी. आमच्याकडे दर दुसऱ्या घराची ही गोष्ट आहे. गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात, बाकीचं वर्षभर कुलपं नाहीतर म्हातारी माणसं.

२०२२ च्या गणपतीआधी भावाने अंगणाला कोबा घातला. त्यात त्याची काही चूक नव्हती. आईचे गुडघे गेलेले. दर आठ दिवसांनी वाकून शेणाने अंगण सारवायचं तिला जमत नव्हतं, पावसात शेवाळावरून एकदा घसरलीही होती. मी म्हटलं, चांगलंच होईल. अर्धे पैसे मी दिले. दोन दिवसांत अंगण गुळगुळीत झालं. कडेची अबोली, झेंडूची रांग, गवती चहाचं थोंब, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू, सगळं खाली गेलं. उरलं फक्त तुळशीवृंदावन.

त्यानंतर एक गोष्ट मला हळूहळू दिसायला लागली. मी शनिवारी घरी जायचो तेव्हा पूर्वी आई अंगणात असायची. हातात खुरपं, नाहीतर कुठल्या तरी रोपाशी तिची बोलणी चाललेली. आता ती पडवीत बसलेली दिसायची. परड्यात उतरायला पाच पायऱ्या, त्या तिला होत नव्हत्या. अंगणात करण्यासारखं काही नव्हतं. भाऊ फोनवर म्हणू लागला, "आई, इथे ये आता, तिथे काय राहिलंय?" आणि आई पूर्वीसारखी ताडकन नाही म्हणेनाशी झाली. "बघू," म्हणायची. मला त्या "बघू"ची भीती वाटली.

कोबा फोडायचा हा पहिला विचार. भाऊ म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं?" तेही बरोबरच होतं. मग कुंड्या आणल्या, प्लॅस्टिकच्या. महिन्याभरात माकडांनी त्या लोळवल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मिरची लावली, त्या वाऱ्याने अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. तेव्हा वृंदावनाकडे लक्ष गेलं. किती वर्षं झाली, पाऊस, ऊन, वारा, माकडं, त्याला कशाने काही झालं नाही. तीसुद्धा सिमेंटची कुंडीच की! कोकणात प्रत्येक दारासमोर ती आहे, फक्त आपण तिला कुंडी म्हणत नाही.

म्हणून २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत सिमेंटच्या कुंड्या घरीच करायचं ठरवलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते. त्यात सगळं पाच मिनिटांत होतं.

कुंडी लांबट, पेटीसारखी. बाहेरून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, आणि बाजू साधारण सव्वा इंच जाड. जुन्या फळ्यांचा साचा, त्याला आतून तेल. मधे कोंबडीजाळी. एक घमेलं सिमेंट, तीन घमेली चाळलेली वाळू, पाणी बेताचं. तळाला भोकं पडावीत म्हणून पपईच्या पानाचे देठ कापून उभे केले. ते पोकळ असतात आणि नंतर सहज निघतात. ही युक्ती माझी नाही, आईची.

तीन कुंड्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी उत्साहाने साचे काढून उन्हात ठेवल्या, वाळाव्यात म्हणून. चौथ्या दिवशी तिन्हींना केसासारख्या चिरा. एकीचा कोपरा हातात आला.

वाडीतले एक जुने गवंडी आहेत. त्यांनी येऊन बघितलं आणि विचारलं, "मास्तर, पाणी किती दिवस मारलं?" मी म्हटलं, वाळवत होतो. ते हसले. मुलांना मी विज्ञान शिकवतो आणि मला हे ठाऊक नव्हतं की सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया चालू राहावी लागते. निदान सात दिवस आणि जमलं तर तीन आठवडे, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. तोवर पाणी उडून गेलं की क्रिया अर्ध्यावर थांबते आणि माल कच्चा राहतो. आपल्या बोलण्यात "सिमेंट वाळलं" असं येतं, तिथूनच ही चूक शिकली जाते. मुलांशी बोलताना मी आता "वाळलं" म्हणत नाही, "पिकलं" म्हणतो.

मी लगेच दुसऱ्या खेपेची तयारी केली आणि हंड्याने पाणी मारू म्हणालो. आई तेव्हा चिडली. "माणसाला प्यायला नाही आन तू दगडाला पाजतोस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडेही जुलैत आभाळ घराला टेकलेलं असतं, आणि एप्रिल-मे आला की पोलादपूर तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. या दिवसांत हंडाभर पाणी म्हणजे कुणाचा तरी डोंगरउतार असतो. म्हणून आमच्या भागातल्या कुणाला कुंड्या करायच्या असतील तर गणपतीनंतर कराव्यात. झरे वाहते असतात, ऊन कडक नसतं. व्हिडिओवाल्यांना कुडपणचा मे महिना कुठून माहीत असणार?

ऑक्टोबरात आठ कुंड्या केल्या. आठही नीट झाल्या. दोन गोणी सिमेंट पुरलं, म्हणजे गोणीला चार-पाच कुंड्या पडल्या. एक चूक याही वेळी केली, माल हाताने लिंपला, हातमोजे न घालता. रात्री बोटांची टोकं सोलून निघाली. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते कातडी खातं आणि खाताना कळतही नाही. शिक्षकांनी हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवावं. उपक्रम म्हणून कुणी मुलांकडून सिमेंट कालवून घेणार असेल तर घेऊ नका. मुलांनी साचा मोजावा, माती भरावी, रोप लावावं. कोरडं सिमेंट, ओलं सिमेंट, दोन्ही मोठ्यांचं काम, तेही हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून.

कुंड्या भरल्या, मेथी पेरली. उगवली, आणि पिवळी पडली. आई म्हणाली, "चुन्याच्या डबीत पेरलंस तू." तिने शब्द अगदी बरोबर वापरला. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, माती खारट-कडू होते आणि मुळांना लोह वगैरे घेता येत नाही. उपाय सोपा आहे. नवी कुंडी पाण्याने भरून ठेवायची, दोन-चार दिवसांनी ओतून परत भरायची, असं दोन-तीन आठवडे. पाऊस असेल तर नुसती पागोळ्यांखाली ठेवायची, तो हे काम फुकट करतो.

पण चुना गेला की नाही हे कळणार कसं? हा प्रश्न मी माझ्या वर्गात नेला. एका मुलीने सांगितलं, हळद लागलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो. बरोबर. साबणासारखंच चुन्याचं पाणीही अल्कधर्मी. गाळण कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवल्या. नव्या कुंडीत मुरलेलं पाणी बाटलीत नेलं होतं, त्यात पट्टी बुडवली तर लालभडक. विहिरीच्या पाण्यात पिवळीच. पुढे तीन आठवडे दर सोमवारी मी बाटली घेऊन जायचो आणि मुलं पट्ट्यांचा रंग वहीत नोंदवायची. शेवटच्या सोमवारी पट्टी पिवळी राहिली तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय? कुंकू असंच करायचे की. हळद आन चुना." दर्शक, आम्ल, अल्क हे शब्द मी डी.एड.ला पाठ केले होते. आईला कुंकू माहीत होतं.

इथे एका माणसाची आठवण सांगतो, कारण मुलांना तो फार आवडला. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा माळी होता. संत्र्याची झाडं लावायची तर लाकडी पिंपं कुजायची, मातीच्या कुंड्या फुटायच्या. त्याने सिमेंटच्या कुंडीत लोखंडाची जाळी घातली आणि १६ जुलै १८६७ ला तिचं पेटंट घेतलं. पुढे तीच युक्ती नळांना, टाक्यांना वापरली, १८७५ मध्ये त्याने शाझले इथे तसा एक छोटा पूलही बांधला. आज आपण ज्याला आर.सी.सी. म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या पानांवर या माळ्याच्या कुंड्या आहेत. मुलांच्या डोक्यात कुंडी ही इमारतीनंतर उरलेल्या मालातून होणारी गोष्ट असते. इथे उलटं झालं. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, म्हणजे आपला स्लॅब कुंडीचा नातू." मी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं, दोन दिवस पुसलं नाही.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मुळात हे लिहायला बसलो.

कुंड्या मी अंगणाच्या बाहेरच्या कडेला ओळीने मांडल्या होत्या. रस्त्यावरून दिसतात, घराला शोभा येते, मागे दरीचं हिरवं. फोटो सुंदर येत होता, मी तो स्टेटसलाही ठेवला. त्या कडेखाली दगडी बांध आहे, पुरुषभर उंच, आजोबांच्या वेळचा, नुसत्या दगडावर दगड रचलेला. आमच्याकडे सगळी अंगणं अशीच डोंगरउतारावर बांध घालून काढलेली.

जून २०२४ मध्ये पाऊस लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवारी घरी गेलो तर आई छत्री घेऊन खालच्या वाटेवर उभी. गुडघे दुखत असताना ती तिथे उतरली कशी, देव जाणे. मला म्हणाली, "बांधाचं पोट सुटलंय बघ."

बघितलं. बांध मधेच बाहेर फुगला होता, वीतभर. कुंड्यांच्या बरोबर खाली.

२२ जुलै २०२१ आमच्या भागात कुणी विसरत नाही. त्या दिवशी महाडला पुराने वेढलं होतं आणि डोंगरात तळियेवर दरड आली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही आली. मी महाडात पोटमाळ्यावर, फोन बंद, रस्ते बंद, तीन दिवस आईशी बोलणं नाही. त्या तीन दिवसांत मी काय काय डोळ्यांसमोर आणलं ते लिहिण्यासारखं नाही. आणि त्याच मी, तीन वर्षांनी, आईच्या अंगणाच्या कडेवर आपल्या हाताने ओझं मांडून ठेवलं होतं.

किती ओझं? हे मी नंतर वर्गात मुलांकडून करून घेतलं. एक लिटरच्या तेलाच्या डब्याने कुंडीत माती किती मावते ते मोजलं, पस्तीस डबे. एक डबा कोरडी माती ताणकाट्यावर लावली, सव्वा किलोच्या आसपास. तीच पाण्याने गच्च भिजवून लावली तर दीड किलोच्या वर. म्हणजे ओली माती पन्नास-पंचावन्न किलो. रिकामी कुंडी चाळीसच्या वर. एकूण शंभराच्या जवळ. आठ कुंड्या, म्हणजे सिमेंटच्या सोळा गोण्या! "गुरुजी, सोळा गोण्या कडेला ठेवल्यात तुम्ही?" एकाने विचारलं. हो, ठेवल्या होत्या. सोळा गोण्या कुणी त्या कडेला रचल्या असत्या तर मीच ओरडलो असतो. फुलं लावली की तेच वजन दिसत नाही.

आणि नुसतं वजन नव्हे. कोब्यामुळे अंगणातलं पाणी मुरायचं थांबलं होतं, ते सगळं कडेला धावत होतं. कुंड्यांच्या ओळीने ते अडलं आणि कोबा व बांध यांच्या फटीतून आत उतरत राहिलं. बांध पाण्यानेच फुगतो. गवंडीकाकांनी कुंड्यांकडे न बघता पहिला प्रश्न तोच विचारला, "पाणी कुठं जातंय?"

त्याच पावसात चार शेजारी आले. सगळ्यांचं वय पन्नासच्या वर, तरुण मी एकटाच. माती उपसून कुंड्या हलक्या केल्या, बांबू घालून दोघादोघांनी उचलून आत आणल्या. कडेने चर काढून पाणी बाजूच्या व्हाळाकडे वळवलं. दिवाळीच्या सुट्टीत बांधाचा तेवढा भाग उतरवून पुन्हा रचून घेतला. त्याला कोब्याइतकेच पैसे गेले. भाऊ काही बोलला नाही, त्याने अर्धे पाठवले.

आता कुंड्या घराच्या जोत्यालगत आहेत, पक्क्या जमिनीवर, प्रत्येकीखाली जांभ्याचे चिरे. त्याने दोन गोष्टी झाल्या. खालची भोकं मोकळी राहिली, आणि मातीची पातळी स्टुलावर बसलेल्या आईच्या कमरेशी आली. वाकायचं काम संपलं. ही उंची मी आधी ठरवली नव्हती. चिरे निचऱ्यासाठी ठेवले होते. आईने स्टूल ओढलं, बसली आणि हात मातीत घातला, तेव्हा मला कळलं की कुंडी शोभेची नव्हतीच कधी.

भरण्याचं म्हणाल तर तळाला फुटक्या कौलांचे तुकडे. पत्रे आल्यापासून प्रत्येक घरामागे कौलांचा ढीग पडलाय, त्याचा हा एक उपयोग. वर एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग पालापाचोळा आणि भाताचं तूस. तुसाने माती हलकी राहते. गवती चहा, ओवा, अबोली, मिरची, हळद. वांगी लावली होती, ती माकडांनी नेली. कुंडी लोळवता येईना म्हणून की काय, आठही झाडं उपटून ठेवली. गवती चहाला मात्र त्यांनी अजून हात लावलेला नाही.

शाळेतही परसबागेसाठी अशा कुंड्या करा असा आग्रह एका पालकांनी धरला. मी नको म्हटलं. ज्यांच्या दारात माती आहे त्यांनी कुंडी कशाला करायची? सिमेंट तयार करताना चुनखडी भाजावी लागते आणि जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साईडपैकी ७ ते ८ टक्के या एका धंद्यातून येतो. आमच्या शाळेमागे अर्धा गुंठा जमीन आहे, पोषण आहारासाठी माठ, भोपळा, शेवगा तिथेच लावतो. सिमेंटची कुंडी मी फक्त तिथे सुचवेन जिथे माती आधीच सिमेंटखाली गेली आहे, किंवा ज्या माणसाचा हात मातीपर्यंत पोचत नाही. आणि मुंबई-पुण्याच्या पालकांनी गॅलरीत ठेवण्याआधी वरचा हिशोब जरूर करावा. ओल्या मातीचा करावा.

गेल्या जानेवारीत भावाचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. त्याने पुन्हा विषय काढला. आई म्हणाली, "हळद काढायची राहिलीय. ती काढून झाली की बघू."

पुढच्या रविवारी आम्ही हळद काढली. दोन कुंड्यांत मिळून पाटीभर निघाली. आईने अंगणात कोब्यावर बसून ती निवडली. बारीक बोटं घरासाठी, थोडी भावाला पाठवायला. चांगले जाडजूड गड्डे तिने बाजूला काढले, राखेत घोळवले आणि पडवीच्या कोपऱ्यात टोपलीखाली झाकून ठेवले. मी विचारलं, हे कशाला?

"बियाणं नको?" ती म्हणाली.